पाळी चुकण्याआधीचे दिवस

सातपुड्याच्या पायथ्याशी सिकलसेल हे नाव कोणाला समजावून सांगावे लागत नाही. हिमोग्लोबिन घडवणाऱ्या जनुकातले एकच अक्षर बदललेले असते, ते दोन्ही पालकांकडून आले की मूल आजारी होते, आणि आईने गरोदरपणी काय खाल्ले याने त्यात काडीचाही फरक पडत नाही. त्यामुळे आनुवंशिक म्हणजे कायमचे ठरलेले, हा समज इकडे पक्का झाला असेल तर नवल नाही. परंतु जनुकातले एकही अक्षर न बदलता त्याचे काम वाढू, घटू किंवा थांबू शकते. एपिजेनेटिक्स ही शाखा याचाच अभ्यास करते.

एक कार्बन आणि तीन हायड्रोजन अणूंचा मिथाइल गट डीएनएवर ठरावीक जागी चिकटला, की तिथला जनुक बहुधा गप्प होतो. यकृताची आणि मेंदूची पेशी यांचा डीएनए एकच असूनही कामे वेगळी असतात, त्यामागे अशा खुणांचा मोठा वाटा आहे. या गटांचा पुरवठा फोलेट, बी-१२, कोलीन, मेथिओनिन या अन्नघटकांच्या आधारे, म्हणजे अखेर ताटातूनच होतो. फलनानंतरच्या पहिल्या काही दिवसांत गर्भ जुन्या खुणा बऱ्याचशा पुसून टाकतो आणि नव्या उमटवू लागतो. तेव्हा बाईची पाळीही चुकलेली नसते.

या दिवसांचे मोल एका दुष्काळाने दाखवून दिले. १९४४-४५च्या हिवाळ्यात जर्मन नाकेबंदीमुळे पश्चिम नेदरलँड्समध्ये माणशी रोजचे अन्न १००० कॅलरींच्या खाली गेले. त्या काळात गर्भधारणा झालेल्यांची सुमारे साठ वर्षांनी तपासणी केली, तेव्हा वाढीशी संबंधित आयजीएफ-२ या जनुकावरच्या मिथाइल खुणा त्यांच्या सख्ख्या भावंडांपेक्षा कमी आढळल्या. हा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. ज्यांच्या आईची उपासमार गरोदरपणाच्या अखेरीस झाली, त्यांच्यात हा फरक दिसला नाही, आणि जन्मवजन मात्र त्यांचेच घटलेले होते. सुरुवातीच्या आठवड्यांत उपासमार झालेली बाळे जन्मतः वजनाला ठीक होती. पुढे हृदयविकार त्यांच्यात अधिक आढळला. अडीच किलोच्या रेषेवर समाधान मानणाऱ्या आपल्या व्यवस्थेने हे नीट वाचावे, असे मला वाटते. वजनकाटा आवश्यकच आहे, पण तो नऊ महिन्यांच्या शेवटी बोलतो.

पुण्याजवळच्या सहा गावांत केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून केलेल्या अभ्यासातही काटा अपुरा ठरला. तिथली बाळे सरासरी २.७ किलोच्या आसपास, इंग्लंडमधल्या बाळांहून बरीच हलकी. तरीही स्नायू कमी आणि त्या मानाने चरबी टिकून राहिलेली. गरोदरपणात ज्या मातांच्या रक्तात फोलेट भरपूर पण बी-१२ कमी होते, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची, म्हणजे मधुमेहाकडे नेणारी प्रवृत्ती सर्वाधिक दिसली. खानदेशी ताटाकडे या नजरेने पाहिले, तर ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी आणि पालेभाजी फोलेट देतात. बी-१२ मात्र दूध, दही, अंडी, मासे, मटण यांतूनच येते. आशाताईंच्या लाल गोळीत लोह आणि फोलिक ॲसिड (फोलेटचेच एक रूप) असते, बी-१२ नसते. म्हणून कोणी गोळी सोडू नये. लोहाची गरज खरीच आहे. जोडीला वाटीभर दही हवे.

ऋतूचाही संबंध दिसतो. आफ्रिकेतल्या गांबियात पावसाळ्यात आणि कोरड्या ऋतूत गर्भधारणा झालेल्या मुलांच्या काही जनुकांवरच्या मिथाइल खुणा वेगवेगळ्या आढळल्या, कारण तिथे मातेचा आहार ऋतूनुसार बदलतो. हे वाचताना धडगाव-अक्कलकुव्याचे वर्ष डोळ्यांपुढे येते: दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जाणारी कुटुंबे, होळीला परतणे, आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आसपासची लग्नसराई आणि पावसाच्या तोंडावर रिकाम्या होत आलेल्या कणग्या.

त्यातच भुसावळ-जळगावकडचा ४५ अंशांचा मे महिना. अनेक देशांतल्या अभ्यासांचा २०२० साली घेतलेला एकत्रित आढावा सांगतो, की तापमानातल्या प्रत्येक अंशाच्या वाढीमागे अकाली प्रसूतीची शक्यता सुमारे ५ टक्क्यांनी वाढते. पुरुषांनीही यातून अंग काढून घेऊ नये. शुक्राणू तयार व्हायला सुमारे ७४ दिवस लागतात, ते शरीरापेक्षा दोन-तीन अंश कमी तापमानात नीट घडतात, आणि वीटभट्टीवर राबणाऱ्याला ते तापमान मिळत नाही. तंबाखूचा परिणामही शुक्राणूंवर होतो.

आजीच्या दुःखाची खूण नातवाच्या जनुकात सापडते, असे ठासून सांगणारे संदेश हल्ली मोबाईलवर फिरतात. माणसाच्या बाबतीत तेवढा पुरावा नाही, आणि अशा बोलण्याचा शेवट बहुधा सुनेला दोष देण्यात होतो. अन्न मिळणे तिच्या एकटीच्या हाती कुठे असते? आदिवासी भागातल्या अमृत आहार योजनेचे चौरस जेवणही गरोदरपणाची नोंद झाल्यावरच सुरू होते. मुंबईतल्या वस्त्यांमध्ये गर्भधारणेआधीपासून स्त्रियांना पालेभाज्या, फळे आणि दूध घातलेला खाऊ रोज दिला गेला, तेव्हा गरोदरपणातल्या मधुमेहाचे प्रमाण त्यांच्यात ७.३ टक्के, तर तुलनेसाठीच्या गटात १२.४ टक्के आढळले. बाळाच्या वजनात थोडी वाढ दिसली, तीही गर्भधारणेच्या किमान तीन महिने आधी खाऊ सुरू केलेल्या स्त्रियांमध्ये.