ढग आपटले व्हय?

मे महिन्यात एका संध्याकाळी कोल्हापुरात वळीव आला. पत्र्यावर गारा तडतडल्या तशी सहा वर्षांची भाची दारात पळाली, ओंजळभर गारा घेऊन आली. तेवढ्यात कडाड्! गारा टाकून ती थेट माझ्या पोटाशी. "मामा, ढग आपटले व्हय?"

आजीनं तिला तसं सांगितलेलं. मलाही लहानपणी तेच सांगितलं होतं. पण ढग म्हणजे तरंगणारे थेंब आणि बर्फाचे कण. धुकं धुक्यावर आपटून आवाज कसला होणार? टक्कर होते ती ढगाच्या पोटात, आणि तीही गारांच्याच भाऊबंदांची.

वळवाचा ढग दहा-बारा किलोमीटर उंच चढतो. वर थंडी इतकी, की पाण्याचा बर्फ होतो. हलके बर्फकण वाऱ्यानं वर उडतात, जड गोळ्या खाली येतात, येताजाता एकमेकांना घासतात. "थंडीत अंधारात स्वेटर काढताना चट्चट् होतं बघ, तसं." हे तिला लगेच पटलं. हलके कण धन भार घेऊन वर जातात, जड गोळ्या ऋण भार घेऊन खाली राहतात. आषाढात आठ-आठ दिवस झड लागते, पंचगंगा पात्राबाहेर येते, तरी कडकडाट फारसा नसतो तो यामुळेच: ते ढग बुटके, त्यांच्यात बर्फ कमी.

हवा विजेला सहजी वाट देत नाही. भार फार साचला की ढगातून एक वाट साधारण ५० मीटरच्या टप्प्यांनी खाली येते, म्हणून वीज नागमोडी. उंच झाडाच्या, कळसाच्या टोकावरूनही एक छोटी वाट वर निघते. दोन्ही भेटल्या की लख्ख! तिथली हवा क्षणात सुमारे ३०,००० अंश सेल्सिअस तापते, म्हणजे सूर्याच्या पृष्ठभागाच्या पाचपट, आणि एकदम फुगते. तोच गडगडाट. तो ऐकला की घरात यायचं, झाडाखाली थांबायचं नाही, हे मात्र दटावूनच सांगितलं.

उजेड लगेच दिसतो. आवाजाला एक किलोमीटर यायला तीनेक सेकंद लागतात. पुढच्या विजेला आम्ही खिडकीआडून मोजलं. नऊ! "तीन किलोमीटर," मी म्हणालो.

रात्री पाऊस थांबला. पन्हाळ्याच्या बाजूला नुसतीच लुकलुक चालू होती. इतक्या लांबचा गडगडाट सहसा ऐकू येत नाही, हे मी बोललो नाही. ती मोजत राहिली, अडतीसनंतर अडखळली आणि पुन्हा तिसापासून सुरू झाली.