मॉर्फिनसाठी रुग्णाला परवाना लागत नाही: कुठे जायचं, कोणती कागदपत्रं न्यायची

कॅन्सरच्या तीव्र वेदनांसाठी डॉक्टर मॉर्फिन लिहून देतात. घरचे चिठ्ठी घेऊन गावातली मेडिकल पालथी घालतात आणि 'त्याला सरकारी परवानगी लागते' असं ऐकून रिकाम्या हाताने परततात. ही परवानगी रुग्णाने काढायचीच नसते. ती रुग्णालयाने घ्यायची असते.

मॉर्फिनसारख्या औषधांवर नियंत्रण ठेवणारा एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांविषयीचा कायदा १९८५ चा. २०१४ मध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि पुढे मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, हायड्रोकोडोन व कोडीन ही सहा औषधं 'अत्यावश्यक' गटात आली. ती ठेवण्यासाठी रुग्णालयाला राज्याच्या औषध नियंत्रकाकडून मान्यता मिळवावी लागते. महाराष्ट्रात हे काम अन्न व औषध प्रशासनाकडे, म्हणजे एफडीएकडे आहे. मान्यतेसाठी रुग्णालयात वेदनाशमनाचं प्रशिक्षण घेतलेला किमान एक डॉक्टर हवा आणि साठ्याची चोख नोंद हवी.

म्हणून मेडिकल फिरण्याआधी रुग्णालयात फोन करून विचारा: 'मॉर्फिनच्या गोळ्या मिळतात का? पेन किंवा पॅलिएटिव्ह ओपीडी कोणत्या वारी असते?' (पॅलिएटिव्ह म्हणजे वेदना आणि त्रास कमी करणारे उपचार.) मुंबईत परळचं टाटा मेमोरियल, पुण्यात वारज्याचं सिप्ला पॅलिएटिव्ह केअर सेंटर इथून चौकशी सुरू करता येईल. जिल्हा रुग्णालयातही विचारा.

पात्रता ठरते ती वेदनेवर. साध्या गोळ्यांनी न थांबणारं तीव्र दुखणं असेल, तर डॉक्टर तपासून ठरवतात. मॉर्फिन फक्त शेवटच्या दिवसांत देतात, हा समज चुकीचा आहे आणि त्यापायी माणसं विनाकारण तळमळतात.

सोबत जुने केस पेपर, बायोप्सी व स्कॅनचे रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड, ओळखपत्र आणि चालू गोळ्यांची पाकिटं घ्या. किडनीचा किंवा दम्याचा त्रास असेल तर आधीच सांगा, कारण त्यावर डोस बदलतो. रुग्ण अंथरुणाला खिळलेला असेल तर नातेवाइकाला औषध नेता येईल का, हेही फोनवरच विचारून ठेवा. आणखी एक कागद मी आग्रहाने न्यायला सांगेन: दोन-तीन दिवसांची वेदनेची नोंद. 'रात्री २ वाजता, कमरेत, दहापैकी ८. गोळीनंतर तासाने ५' एवढं लिहिलं तरी पुरे. 'खूप दुखतंय' यावरून डोस ठरवणं अवघड जातं.

चिठ्ठीवर रुग्णाचं नाव, पत्ता, डोस, एकूण गोळ्या, तारीख आणि डॉक्टरांची सही आहे ना, ते तिथेच बघून घ्या. ती जपून ठेवा. प्रवासात औषधासोबत असू द्या.

मॉर्फिनची साधी गोळी बहुधा दर चार तासांनी असते. दुखणं वाढायची वाट बघू नका, वेळेवर द्या. बद्धकोष्ठता होतेच, त्यामुळे पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून मागून घ्या. सुरुवातीला थोडी गुंगी येते; पण रुग्ण हाक मारूनही जागा होत नसेल किंवा श्वास फार मंद झाला असेल तर ताबडतोब रुग्णालय गाठा. डॉक्टरांना न विचारता डोस वाढवू नका आणि एकदम बंदही करू नका. डॉक्टरांच्या देखरेखीखाली वेदनेसाठी घेतलेल्या औषधाचं व्यसन लागणं क्वचित घडतं, म्हणून व्यसनाच्या भीतीने गोळी लपवून ठेवू नका.

गोळ्या मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा कुलुपात ठेवा. उरल्या तर शेजाऱ्याला देऊ नका. ज्या रुग्णालयातून आणल्या तिथेच विचारून परत करा.