नीट, जेईई की सीईटी? आधी जागा ठरवा, मग फॉर्म भरा

दहावीचा निकाल लागला की लातूरच्या ट्यूशन एरियात पालक एकच प्रश्न घेऊन फिरतात: मेडिकलची नीट की अभियांत्रिकीची जेईई? हा प्रश्नच अर्धवट आहे. नांदेडचं एसजीजीएस अभियांत्रिकी कॉलेज, छत्रपती संभाजीनगरचं शासकीय अभियांत्रिकी, परभणीच्या कृषी विद्यापीठातली बीएस्सी ॲग्री, कुठलंही बी. फार्मसीचं कॉलेज, या सगळ्यांचा मुख्य रस्ता राज्याच्या एमएचटी-सीईटी या प्रवेश परीक्षेतून जातो. जेईई मेनवर राज्यातल्या अभियांत्रिकी कॉलेजांत अखिल भारतीय कोट्यातल्या थोड्या जागा मिळतात, बाकी तिचा उपयोग एनआयटी, ट्रिपल आयटी आणि पुढे आयआयटीच्या जेईई ॲडव्हान्स्डसाठी. त्यामुळे जेईई देणाऱ्याने सीईटीचा पीसीएम (भौतिक, रसायन, गणित) गट भरायचाच. नीटवाल्यानेही पीसीबी (गणिताऐवजी जीवशास्त्र) गट भरून ठेवावा. एमबीबीएस, बीडीएसच नव्हे, बीएएमएस, बीएचएमएसलाही नीट लागते, पण तिथे नंबर हुकला तर फार्मसी आणि कृषीसाठी मुख्य भरवसा सीईटीच्या गुणांवरच. त्यावेळी सीईटी दिलेली नसेल तर वर्ष वाया जाऊ शकतं.

नीटमध्ये १८० प्रश्न, ७२० गुण, चुकीच्या उत्तराला एक गुण वजा, आणि पेपर ओएमआरवर, म्हणजे कागदावर गोल रंगवून. सीईटी संगणकावर, २०० गुणांची, वजा गुण नाहीत. प्रश्नांची पातळी जेईई मेन आणि नीटसारखी असली तरी अभ्यासक्रम राज्य मंडळाचा. अकरावीला साधारण २० टक्के आणि बारावीला ८० टक्के भार. नीटच्या मुलाने संगणकावरच्या दोन-चार सराव परीक्षा दिल्या तरी पुष्कळ. मराठी माध्यमाच्या मुलांसाठी एक गोष्ट: नीट आणि जेईई मेन मराठीतून देता येतात, सीईटीतला गणिताचा पेपर मात्र इंग्रजीतच असतो.

पात्रतेचं थोडक्यात. अभियांत्रिकीला बारावीत ठरलेल्या विषयांत ४५ टक्के, राज्यातल्या मागासवर्गीयांना ४० टक्के. मेडिकलला पीसीबीत ५० आणि ४० टक्के, शिवाय प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरला वय १७ पूर्ण. एनआयटीला बारावीत ७५ टक्के किंवा आपल्या बोर्डाच्या पहिल्या २० पर्सेंटाइलमध्ये असणं.

आता सीमेवरच्या तालुक्यांसाठी. उदगीर, देगलूर, निलंग्याची मुलं अकरावी-बारावीला बिदर किंवा हैदराबादला जातात. क्लासेस चांगले असतील, पण मेडिकलच्या ८५ टक्के राज्य कोट्यासाठी दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून लागतात, त्यावर डोमिसाईल (अधिवास प्रमाणपत्र). सरकारी नोकरांची मुलं वगैरे अपवाद आहेत, पण सामान्य शेतकऱ्याचं मूल त्यात बसत नाही. नुसत्या डोमिसाईलवर काम होईल असं कोणी सांगत असेल तर माहितीपुस्तिका दाखवायला सांगा. पूर्वी मेडिकलला विभागवार ७०:३० सूत्र (७० टक्के जागा त्याच विभागातल्या मुलांना, ३० टक्के बाकी राज्याला) होतं आणि मराठवाड्यात कॉलेजं कमी म्हणून आपली मुलं मागे पडायची; ते २०२० मध्ये रद्द झालं. आता अंबाजोगाईचा मुलगा मुंबईच्या जागेवर बरोबरीने हक्क सांगू शकतो. तो हक्क बिदरच्या गुणपत्रिकेपायी घालवायचा का, हे अकरावीच्या प्रवेशाआधीच ठरवा.

कागदपत्रांचं काम अकरावीतच सुरू करा. मूळ यादी सगळ्यांना माहीत आहे: दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, टीसी, आधार, राष्ट्रीयत्व आणि अधिवास प्रमाणपत्र, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला. गाडी अडते ती नावावर. दहावीच्या गुणपत्रिकेत वडील 'ज्ञानोबा', आधारवर 'ज्ञानेश्वर', सातबाऱ्यावर 'ज्ञानदेव'. आधारची दुरुस्ती त्यातल्या त्यात सोपी, म्हणून सगळं दहावीच्या गुणपत्रिकेशी जुळवून घ्या.

राखीव प्रवर्गाला जातीचा दाखला पुरत नाही, जात वैधता प्रमाणपत्र लागतं. त्याचा प्रस्ताव विज्ञान शाखेच्या मुलांनी कॉलेजमार्फत बारावीच्या सुरुवातीलाच टाकावा. पुरावे जुने लागतात: अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, व्हीजेएनटीला (विमुक्त-भटक्यांना) २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचे. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे आजोबा-पणजोबांच्या नोंदी उर्दूत किंवा मोडीत सापडतात आणि भाषांतर करून घ्यावं लागतं. २ सप्टेंबर २०२५ च्या हैदराबाद गॅझेटच्या शासन निर्णयानंतर ज्यांना कुणबी दाखला मिळाला, त्यांनाही वैधता चुकत नाही.

ओबीसींना नॉन-क्रिमिलेअर राज्याच्या प्रवेशासाठी वेगळं आणि जेईई, नीटसाठी केंद्राच्या नमुन्यातलं वेगळं. राज्याच्या प्रमाणपत्राची मुदत प्रवेशाच्या पुढच्या ३१ मार्चपर्यंत हवी. एसईबीसी (मराठा समाजाचा प्रवर्ग) हा राज्याचा प्रवर्ग, केंद्राच्या यादीत नाही. जेईईच्या फॉर्ममध्ये तो रकाना शोधत बसू नका. तिथे खुला, किंवा निकषांत बसत असाल तर ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटक). केंद्राच्या ईडब्ल्यूएसला ८ लाखांच्या उत्पन्न मर्यादेसोबत जमिनीचीही अट आहे: कुटुंबाकडे पाच एकर किंवा जास्त शेती असेल तर दाखला नाही. सहा एकर कोरडवाहू मुरमाड रान असलेला बीडचा शेतकरी केंद्राच्या लेखी सधन ठरतो! अट विचित्र आहे, पण आहे. दाखला चालू आर्थिक वर्षाचा लागतो, त्यामुळे १ एप्रिलनंतर काढा.

अर्ज करताना परीक्षेची नोंदणी आणि कॅपची (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेची) नोंदणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे ध्यानात ठेवा. सीईटी दिली म्हणजे प्रवेशाचा अर्ज झाला असं नाही; निकालानंतर कॅपचा अर्ज, कागदपत्रांची पडताळणी आणि पसंतीक्रम हे सगळं पुन्हा करायचं असतं. पासवर्ड आणि मोबाईल नंबर नेट कॅफेवाल्याचा नको, घरचाच टाका. ओटीपी त्यावरच येतात.

फीचंही इथेच बघा. ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी मुलींची शिक्षण आणि परीक्षा फी २०२४-२५ पासून राज्य सरकार भरतं, आणि टीएफडब्ल्यूएसच्या (शिक्षण फी माफीच्या) जागाही त्याच उत्पन्न मर्यादेत मिळतात. दोन्ही गोष्टी कॅपमधून प्रवेश घेतला तरच. मॅनेजमेंट कोट्यातून जागा घेतली की यातलं काहीच लागू होत नाही, मग मुलीचे पर्सेंटाइल कितीही असोत.