खर्जाचा कान कुठे पिळायचा?

घरी तो आवाज काय भारी लागत होता! नवी बेस गिटार, पाठीत नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी, बेसचा नॉब शेवटपर्यंत वर, ट्रेबलचाही शेवटपर्यंत वर. अ‍ॅम्प मात्र शेजाऱ्यांच्या धाकाने अगदी हळू. चार दिवसांनी तीच गिटार घेऊन, नॉबना हात न लावता, गणपतीच्या मांडवात ऑर्केस्ट्राबरोबर उभा राहिलो. दुसऱ्या गाण्यानंतर मिक्सरवरच्या पोराने हाक मारली, "दादा, घुमतंय लय, पण वाजवताय काय ते कळंना!" मग बेस वाजवणारा प्रत्येक जण आयुष्यात एकदा तरी जे करतो, तेच मी केलं. बेस आणखी वाढवला. गिटारवरचा नॉब आधीच टोकाला होता, म्हणून अ‍ॅम्पवरचा पिळला. मांडवाचे पत्रे थरथरायला लागले आणि होता तेवढा सूरही गेला.

हे असं का झालं ते कळलं, की गिटारवर कोणता ईक्यू (आवाजाचे जाड-बारीक पट्टे कमी-जास्त करणारे नॉब) हवा हा दुकानात छळणारा प्रश्न निम्मा सुटतो. एका गिटारवर नुसता टोनचा नॉब असतो, दुसरीवर बेस (खालचा, जाड आवाज) आणि ट्रेबल (वरचा, बारीक) असे दोन, तिसरीवर मधे मिडचाही, म्हणजे मधल्या पट्ट्याचा. काहींना वर एक बारकी खिटी असते, ती इकडची तिकडे केली की मिडची जागा बदलते. गिऱ्हाईक नॉब मोजतं आणि जास्त नॉबवाली गिटार घेऊन घरी जातं. माझ्या मते मोजायचे ते हर्ट्झ.

चार तारांच्या बेसवर सगळ्यात जाड तार मोकळी छेडली की सेकंदाला ४१ कंपनं होतात, म्हणजे ४१ हर्ट्झ. पुढच्या तीन तारा ५५, ७३ आणि ९८ हर्ट्झच्या. पण तार एकाच वेगाने कधीच थरथरत नाही. ४१ बरोबर तिची दुप्पट ८२, तिप्पट १२४, चौपट १६५, पाचपट २०६ अशी कंपनंही त्याच वेळी चालू असतात. तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेतून गंधार ऐकू येतो, कुणी न लावलेला, म्हणून त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. तो हाच पाचवा. बेसच्या तारेतही तो असतो, फक्त तिथे शांत बसून कुणी ऐकत नाही.

आता गंमत बघा. मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरला ४१ हर्ट्झ झेपतच नाहीत. दीड-दोनशेच्या खालचं त्यातून जवळपास काही येत नाही. तरी मोबाइलवर गाणं लावलं तर बेसची चाल आपल्याला कळते आणि ती खर्जातलीच वाटते. कारण मेंदू १६५, २०६, २४७ ही रांग ऐकतो, त्यांच्यातलं अंतर ४१ आहे हे ताडतो आणि नसलेला पायाचा स्वर मनातल्या मनात भरतो. म्हणजे बेस "काय वाजवतोय" हे सांगणारा मजकूर बराचसा शंभर ते हजार हर्ट्झच्या पट्ट्यात असतो. ४१ हर्ट्झ पोटात जाणवतात, सूर मात्र वरच्या मजल्यावर राहतो.

दुसरी गोष्ट कानाची. १९३३ साली फ्लेचर आणि मन्सन या दोन अमेरिकन संशोधकांनी माणसाचा कान कोणत्या वारंवारतेला किती तिखट आहे याचे आलेख मांडले. दोन ते पाच हजार हर्ट्झला आपला कान फार हळवा असतो. ४० हर्ट्झला तो जवळजवळ बहिरा. तिथला आवाज नुसता जाणवायलाही सुमारे ५० डेसिबल लागतात. पण आवाज मोठा होत गेला की हा फरक कमी होत जातो. माझ्या मांडवातल्या फजितीचं मूळ इथे आहे. घरी हळू आवाजात खर्ज ऐकूच येत नव्हता, म्हणून मी तो भरमसाट वाढवला. मांडवात आवाज दसपट झाल्यावर कान खर्जालाही जागा झाला आणि घरची भरपाई तिथे उपद्रव ठरली. त्यात ऑक्टोपॅडचा किक (मोठ्या ड्रमचा ठोका) ५० ते १०० हर्ट्झमध्ये दणादण आदळत होता, कीबोर्डवाल्याचा डावा हातही त्याच गल्लीत फिरत होता. तिघे एकाच दारातून एकदम आत घुसायला बघत होते.

आता नॉबकडे येऊ. लिओ फेंडर या माणसाला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती, पण १९५१ साली त्याने प्रिसिजन बेस बाजारात आणला आणि इलेक्ट्रिक बेसचं आजचं रूप ठरून गेलं. त्यावर आवाजाचा एक नॉब आणि टोनचा एक. बॅटरी नाही, म्हणून हा पॅसिव्ह. पॅसिव्ह नॉब आवाजातून काही तरी काढून टाकू शकतो, घालू शकत नाही. तारेची थरथर विजेत बदलणारा पिकअप म्हणजे चुंबकांभोवती केसाइतक्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. त्याच्याशी केबलची विद्युत धारकता जोडली गेली की नकळत एक गाळणी तयार होते. पिकअप चार हेन्रीचा (हे वेढ्यांच्या प्रेरकतेचं माप) आणि सहा मीटरची केबल साधारण ६०० पिकोफॅरॅडची (हे धारकतेचं) धरली, तर या गाळणीचा उंचवटा सव्वातीन हजार हर्ट्झच्या आसपास येतो. त्यावरचं सगळं झपाट्याने गळून जातं. केबल दहा मीटरची घेतली तर तोच उंचवटा अडीच हजारांवर सरकतो. म्हणजे लांब केबल हाही एक न सांगता बसवलेला टोन नॉबच. आणि खरा टोन नॉब पूर्ण बंद केला की ४७ नॅनोफॅरॅडचा कपॅसिटर मधे येतो आणि गाळणी थेट साडेतीनशे हर्ट्झपर्यंत खाली उतरते. तिथे एक छोटा फुगवटाही उरतो. टोन बंद केलेला जुना बेस नुसता मंद न वाटता उबदार आणि गोल का वाटतो, ते या फुगवट्यामुळे.

ज्यांना हे मागास वाटतं त्यांनी डेट्रॉइटच्या मोटाउन स्टुडिओतला बेसवादक जेम्स जेमर्सन ऐकावा. १९६२ चा प्रिसिजन, गुळगुळीत जाड तारा, ब्रिजच्या (तारा टेकतात त्या पट्टीच्या) झाकणाखाली स्पंजचा तुकडा, एकच बोट आणि दोनच नॉब. ईक्यूची त्याची खरी निवड पिकअपच्या जागेत, तारांत आणि त्या बोटात झालेली होती.

बॅटरीवाला अ‍ॅक्टिव्ह ईक्यू कारखान्यातून सर्रास निघायला लागला तो १९७६ पासून, म्युझिक मॅन कंपनीच्या स्टिंगरे या बेसमुळे. त्यामागेही हेच लिओ फेंडर. आत पिकअपचा सिग्नल हाताळणारा, बॅटरीवरचा एक छोटा प्रीअ‍ॅम्प असतो. त्याचं पहिलं काम कुणाच्या लक्षात येत नाही. तो पिकअप आणि केबल यांच्यामध्ये भिंत घालतो, त्यामुळे केबल दहा मीटरची झाली तरी टोन जागचा हलत नाही. दुसरं काम पट्टे वाढवण्या-घटवण्याचं. यातले बहुतेक सर्किट इंग्लंडच्या पीटर बॅक्सँडॉल यांनी १९५२ साली एका रेडिओ मासिकात छापलेल्या आकृतीचे वंशज आहेत. आपल्या टेपरेकॉर्डरवरचे बेस-ट्रेबलचे नॉबही त्याच घराण्यातले.

दोन बँडच्या, म्हणजे बेस आणि ट्रेबल अशा दोनच पट्ट्यांच्या, ईक्यूत बेसचा नॉब साधारण ४० हर्ट्झवर बसवलेला असतो आणि ट्रेबलचा चार-साडेसहा हजारांवर. ४० लिहिलेलं असलं तरी तेवढाच ठिपका उचलला जात नाही. पायथ्याशी सगळ्यात जास्त आणि दोन-तीनशेपर्यंत उतरत जाणारा, असा अख्खा उतार वर येतो. आणि डेसिबलचा हिशोब फसवा असतो. बेस १२ डेसिबलने वाढवला म्हणजे विजेचा दाब चौपट आणि त्या पट्ट्यात अ‍ॅम्पकडून मागितलेली ताकद सोळापट. वीस वॅटवर आरामात चाललेला अ‍ॅम्प त्या क्षणी सव्वातीनशे वॅट मागतो. तो ते देत नाही, फाटतो. गिटारच्या आतही हेच. अंगठ्याने तार सपकन हाणली की पिकअप सहज एक व्होल्टची उसळी मारतो. ती चौपट केली की चार व्होल्ट. नऊ व्होल्टच्या बॅटरीत वर-खाली साडेचार-साडेचारचीच जागा, आणि बॅटरी दमलेली असेल तर त्याहून कमी. लाटेचे शेंडे छाटले जातात. काही गिटारींत दोन बॅटऱ्या घालून १८ व्होल्ट करतात ते एवढ्यासाठी. त्याने आवाज "दमदार" होतो असं विकणारे सांगतात. होतं एवढंच, की छाटाछाट उशिरा सुरू होते.

दोन बँड वाईट असं मी म्हणत नाही. त्याला साजेशी गिटार हवी. फेंडरच्याच जॅझ बेस या मॉडेलवर दोन पिकअप असतात. तारेची एकच लाट दोन ठिकाणी उचलली जाते आणि मधल्या काही पट्ट्यांत दोघे एकमेकांना खोडतात. त्यामुळे दोन्ही आवाज पूर्ण ठेवले की मिड आपोआप खचतो. त्यावर खाली-वर उजाळा दिला की अंगठ्याच्या वादनाचा तो चकचकीत बाज येतो. बेसवादक मार्कस मिलरच्या १९७७ च्या जॅझ बेसमध्ये न्यूयॉर्कच्या रॉजर सॅडोव्स्की या गिटार-कारागिराने प्रीअ‍ॅम्प बसवला आणि तो आवाज पुढे अनेकांचं ध्येय झाला. पण मिलर त्या आवाजात पुढे बसून सुरावट वाजवतो. आपण ढोलकी, ऑक्टोपॅड आणि दोन कीबोर्डच्या मागे उभे असतो.

म्हणून माझा कौल मिडला. एकच नॉब मिळणार असेल तर मी मिडचा घेईन. आणि त्यातही तो कुठल्या हर्ट्झवर आहे हे आधी विचारीन, कारण "मिड" हा शब्द "मध्य महाराष्ट्र" इतकाच मोघम आहे. २५० च्या आसपास वाढवलं तर आवाज जाडजूड होतो, थोडं जास्त झालं की गढूळ. चारशे-पाचशेला बेस गुरगुरायला लागतो आणि बोटाने वाजवलेली चाल पुढे येते. आठशे ते हजारात प्रत्येक स्वराचं टोक दिसतं, पण अति केलं तर सर्दी झाल्यासारखा नाकातला आवाज. अ‍ॅग्विलारच्या ओबीपी-३ या प्रीअ‍ॅम्पमध्ये ४०० आणि ८०० अशा दोन जागा मिळतात, आणि त्या दोनच जागा पुरतात हे मला बऱ्याच उशिरा कळलं. जागा सलग सरकवता येणारा नॉबही मिळतो. घरी तो फार सुखाचा. स्टेजवर अंधारात तो नेमका कुठे आहे हे कळत नाही आणि दोन गाण्यांच्या मधल्या आठ सेकंदांत तर नाहीच नाही.

प्रिसिजन किंवा तशा एका पिकअपच्या बेसवर मिड मुळातच भरपूर असतो. त्यात तीन बँडचं सर्किट कोंबणं म्हणजे पुरणपोळीवर साखर. तिथे पॅसिव्ह टोन राहू द्यावा. एक पर्याय मात्र लोक विसरतात, पॅसिव्ह बेस कट. लिओ फेंडरनेच १९८० मध्ये जी अँड एल या आपल्या पुढच्या कंपनीच्या एल-२००० बेसवर ट्रेबल काढण्याच्या नॉबशेजारी बेस काढण्याचाही नॉब दिला. स्टिंगरेवर बॅटरी घालून बेस वाढवायची सोय केलेल्या माणसाने चार वर्षांनी बेस कमी करायचा नॉब बसवावा, हे मला फार बोलकं वाटतं.

पैसे घालण्याआधी एक फुकटचा प्रयोग करा. नॉब सगळे मध्यावर ठेवून आपली गिटार संगणकावर रेकॉर्ड करा, तीही पूर्ण गाण्याबरोबर, एकटी नको. मग संगणकातल्या ईक्यूचा एक पट्टा सहा डेसिबलने उचलून दोनशेपासून हजारापर्यंत सावकाश सरकवा. एका जागी बेस गाण्यातून अचानक पुढे येतो, आवाज न वाढवता. तो आकडा कागदावर लिहा आणि दुकानात त्या आकड्याच्या जवळचा मिड मागा. तुमच्या हाताचा, तुमच्या तारांचा आकडा माझ्याहून वेगळा निघेल.

बॅटरीचं एक सांगायलाच हवं. अशा गिटारला वेगळं बटण क्वचितच असतं, केबलची पिन घातली की सर्किट चालू. सर्किट एक मिलीअँपियर खात असेल आणि बॅटरी पाचशे मिलीअँपियर-तासांची असेल तर ती पाचशे तास चालते. केबल लावून गिटार कोपऱ्यात उभी केली तर तीन आठवड्यांत संपते, न वाजवता. पिन काढायची सवय लावून घ्या, आणि बॅटरी मेली तर पॅसिव्हवर नेणारी खिटी आहे का ते घेतानाच बघा. नसेल तर मधेच नुसता फाटका फरफराट उरतो आणि बँड तुमच्याकडे वळून बघतो.

त्या रात्री मांडवात माझ्या गिटारवर मिडचा नॉब नव्हता. मध्यंतरात चहा घेऊन आलेल्या साउंडवाल्या पोरानेच सुचवलं, "दादा, दोन्ही खाली घ्या ना, मी इकडून वाढवतो." सुदैवाने माझे नॉब कमी करण्याच्या बाजूलाही फिरत होते. बेस मधल्या खाचेच्या थोडा खाली, ट्रेबल त्याहून खाली, आणि त्याने मिक्सरवर आवाज चढवला. दोन्ही टोकं खाली घेऊन एकूण आवाज वाढवणं म्हणजे मिडच वाढवणं, फक्त मागच्या दाराने. हे गणित त्याला कुणी शिकवलं होतं कुणास ठाऊक. पहिल्याच लावणीला ढोलकीवाल्याने मान वळवून माझ्याकडे बघितलं आणि समेवर भुवया उडवल्या.

दिवाळीनंतर त्या गिटारला तिसरं भोक पाडून मिड बसवला. खिटी ४०० वर असते. ट्रेबलच्या नॉबवर धूळ बसली आहे.