वही आणि हाक: म्यूटेक्स आणि बायनरी सेमाफोर

"सर, म्यूटेक्स काय नि बायनरी सेमाफोर काय, दोन्ही एकच की! घ्यायचं फंक्शन तेच, सोडायचं फंक्शनपण तेच."

हे बोलणारा मुलगा डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाचा. घरचं गुऱ्हाळ, करवीर तालुक्यात. उद्यमनगरातल्या आमच्या खोलीत दर हिवाळ्यात काही मुलं एम्बेडेड, म्हणजे यंत्रांत बसवायच्या छोट्या संगणकांचं प्रोग्रामिंग, शिकायला येतात, त्यांतला हा एक. काहिलीतल्या रसाचं तापमान मोजायचं, पाक जवळ आला की भोंगा वाजवायचा, आणि सगळ्याची नोंद सिरीयल पोर्टवरून लॅपटॉपवर घ्यायची, एवढा त्याचा प्रकल्प. बोर्ड साधाच: ब्लू पिल नावानं मिळणारा एसटीएम३२, ७२ मेगाहर्ट्‌झचा, २० किलोबाइट रॅमचा. त्यावर फ्रीआरटीओएस, म्हणजे अशा बोर्डावर अनेक कामं आळीपाळीनं चालवणारी प्रणाली.

त्याचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. फ्रीआरटीओएसमध्ये म्यूटेक्स आणि बायनरी सेमाफोर हे दोन्ही क्यूच्या एकाच साच्यातून काढलेले आहेत: एकच जागा असलेली रांग, जिच्यात ठेवायला वस्तू मात्र नाही. तयार करतानाचं फंक्शन तेवढं वेगळं, पुढचं सगळं सारखं दिसतं. एका वेळी एकानंच पोर्टवर लिहावं म्हणून लागतं त्या कुलपाच्या जागी त्यानं बायनरी सेमाफोर लावला होता आणि डेमो दोन तास बिनतक्रार चालला होता. हा गोंधळ इतकी वर्षं टिकला आहे तो याचमुळे. चुकीची निवडसुद्धा टेबलावर चालून दाखवते.

आधी डेमोत काय होतं ते सांगतो. प्रोसेसर एकच, त्यामुळे एका क्षणी एकच टास्क, म्हणजे प्रोग्राममधलं एकच काम, चालतं, आणि तयार असलेल्यांपैकी ज्याचा अग्रक्रम मोठा त्याला आधी संधी मिळते. फ्रीआरटीओएसमध्ये आकडा जितका मोठा तितका अग्रक्रम वरचा. 'भोंगा' टास्कला ३. ते दर २०० मिलिसेकंदांनी उठतं, तापमान बघतं, एक छोटी ओळ लिहितं. 'हिशेब' टास्कला २. तापमान किती वेगानं चढतंय याचं गणित ते करतं. कॉर्टेक्स-एम३मध्ये दशांशाच्या गणितासाठी वेगळं हार्डवेअर नसतं, सगळं सॉफ्टवेअरनं होतं. आम्ही ते मुद्दाम लांबवून दर सेकंदाला अर्धा सेकंद चालेल असं केलं. 'नोंद' टास्कला १. ते पोर्टवर लांब ओळ लिहितं. शिवाय एक बटण, गुळव्यासाठी, म्हणजे पाक ओळखणाऱ्या कारागिरासाठी. पाक उतरवला की त्यानं दाबायचं.

गुऱ्हाळात उभं राहिलेल्या माणसाला सेमाफोर समजावायला फार बोलावं लागत नाही. गुळव्या पाकाकडे बघत असतो. बाकीची माणसं काहील उतरवायला तयार, पण थांबलेली. गुळव्यानं हाक दिली की ती हलतात. हाक देणारा एक, ऐकून कामाला लागणारे दुसरे. उतरवणाऱ्यांनी ती हाक गुळव्याला 'परत' द्यायची नसते. बायनरी सेमाफोर म्हणजे ही हाक. बटण दाबलं की इंटरप्ट येतो, म्हणजे प्रोसेसर हातातलं काम क्षणभर सोडून तिकडे वळतो; इंटरप्टचं फंक्शन सेमाफोर देतं आणि निघून जातं. त्याची वाट बघत झोपलेलं टास्क जागं होतं आणि 'पाक उतरला' अशी नोंद करतं. सेमाफोर कुणाच्याच मालकीचा नसतो. डच संगणकशास्त्रज्ञ डायक्स्ट्रा यांनी १९६०च्या दशकात ही कल्पना मांडली तेव्हा नावही रेल्वेच्या हात वर-खाली करणाऱ्या सिग्नलचं घेतलं. सिग्नल देणारा केबिनमध्ये, पाळणारा इंजिनात.

म्यूटेक्सचं काम वेगळं. गुऱ्हाळात नोंदीची एकच वही आहे असं समजा. एक जण लिहीत असताना दुसऱ्यानं त्याच ओळीवर पेन टेकवलं की दोघांचंही वाया. आमचा सिरीयल पोर्ट ही ती वही. कुलूप न लावता डेमो चालवून बघा, मी प्रत्येक मुलाला ते आधी करायला लावतो. 'तापमान १०४' आणि 'भोंगा बंद' या दोन ओळींऐवजी 'तापमाभोंगा बंदन १०४' असं काहीतरी पडद्यावर येतं. म्हणून नियम असा: ज्यानं वही उचलली त्यानंच ती खाली ठेवायची. म्यूटेक्सला धनी असतो, आणि आत्ता वही कुणाकडे आहे हे कर्नलला, म्हणजे फ्रीआरटीओएसच्या गाभ्याला, ठाऊक असतं.

सगळा फरक या शेवटच्या वाक्यात आहे, म्हणून इथं जरा थांबू.

९६०० बॉडच्या वेगानं, म्हणजे सेकंदाला ९६०० बिट आणि एका अक्षराला १० बिट धरून, सेकंदाला ९६० अक्षरं जातात. म्हणजे ४८ अक्षरांची ओळ लिहायला ५० मिलिसेकंद लागतात. आमचं नोंद टास्क एकेक अक्षर पोर्टवर टाकून ते जाईपर्यंत तिथंच थांबतं, म्हणजे तेवढा वेळ त्याला प्रोसेसर हवा असतो. आता त्या मुलाचा सेमाफोर कुलपाच्या जागी आहे असं धरा. नोंदनं कुलूप घेतलं, ओळ सुरू केली. तेवढ्यात हिशेब उठला. त्याचा अग्रक्रम वरचा, त्यानं नोंदला मध्येच थांबवलं आणि गणित सुरू केलं. मग भोंगा उठला. तो सगळ्यांत वरचा, पण त्याला ओळ लिहायची आहे आणि कुलूप नोंदकडे आहे. तो थांबला. नोंद पुढं सरकू शकत नाही, कारण हिशेब चाललाय. हिशेबाला पोर्टशी काही देणंघेणं नाही, तरी त्याच्यापायी सगळ्यांत तातडीचं टास्क अर्धा सेकंद ताटकळतं. मालक वहीसाठी उभा आहे, वही पोराच्या हातात आहे आणि पोराला तिसराच कुणी बाजूला सारून बसलाय. याला अग्रक्रमाची उलटापालट म्हणतात.

आम्ही हे मोजलं. कुलूप मागण्याआधीचा टिक आणि मिळाल्यानंतरचा टिक यांतला सगळ्यांत मोठा फरक लक्षात ठेवायचा, बस्स. टिक म्हणजे कर्नलच्या घड्याळाचा एक ठोका, एक मिलिसेकंदाचा. बराच वेळ आकडा छोटाच राहिला, कारण नोंद लिहीत असतानाच हिशेब उठायला हवा. मग एकदम ५४१ दिसला. मुलगा पडद्याकडे बघतच राहिला. पाक उतरवायच्या वेळी तापमान साधारण ११८ अंश असतं आणि तिथं उशीर झाला की गूळ करपतो, हे त्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

मग प्रोग्राममध्ये एकच ओळ बदलली: बायनरी सेमाफोरऐवजी म्यूटेक्स. आता भोंगा कुलपापाशी थांबला की कर्नल बघतं, धनी कोण? नोंद. लगेच नोंदचा अग्रक्रम तात्पुरता १ वरून ३ होतो. हिशेब बाजूला होतो, नोंद आपली ओळ संपवतं, कुलूप सोडतं आणि परत १ वर येतं. भोंगा चालतो, हिशेब त्यानंतर. मालक खोळंबलाय तोवर पोराला कुणी हटवायचं नाही, एवढाच हा नियम, आणि याचं नाव अग्रक्रमाचा वारसा. आमचा सगळ्यांत मोठा आकडा ५० च्या आत आला. सेमाफोरला हे करताच येत नाही. त्याला धनीच नाही, तर वर कुणाला उचलणार?

ही पुस्तकी भीती वाटत असेल तर मंगळाकडे बघा. ४ जुलै १९९७ला पाथफाइंडर यान तिथं उतरलं आणि काही दिवसांतच त्याचा संगणक मधूनमधून आपोआप रीसेट होऊ लागला. व्हीएक्सवर्क्स ही प्रणाली होती. हवामानाच्या नोंदी करणारं खालच्या अग्रक्रमाचं टास्क कुलूप धरून बसायचं, मधल्या अग्रक्रमाची टास्कं त्याला थांबवायची, आणि बसचा, म्हणजे यानाच्या भागांमधल्या माहितीच्या वाहिनीचा, कारभार बघणारं वरचं टास्क वेळेत पूर्ण झालं नाही की यान स्वतःला रीसेट करायचं. तिथं तर म्यूटेक्सच होता, पण वारशाचा पर्याय बंद ठेवलेला. पृथ्वीवरच्या प्रतिकृतीवर अभियंत्यांनी तोच बिघाड पुन्हा घडवून आणला, आणि इथून तो पर्याय सुरू केला.

बाकीचे फरक छोटे, पण हातात बोर्ड असला की तेच आधी चावतात. म्यूटेक्स तयार होतो तो मोकळा, कुणीही घ्यावा असा. बायनरी सेमाफोर तयार होतो तो रिकामा, आधी कुणीतरी द्यावा लागतो. कुलूप म्हणून सेमाफोर लावून तो आधी द्यायला विसरणाऱ्याचा प्रोग्राम सुरुवातीलाच अडकतो तो यामुळे. जुन्या नमुना-प्रोग्रामांमधलं जुनं फंक्शन सेमाफोर भरलेलाच द्यायचं, म्हणून ते नमुने चालतात आणि नवे अडकतात. इंटरप्टमध्ये म्यूटेक्स वापरायचा नाही, कधीच नाही. इंटरप्ट हे टास्क नव्हे, मग धनी कुणाला मानायचं? आणि हाक साठत नाही. टास्क जागं व्हायच्या आत बटण दोनदा दाबलं तर नोंद एकच होते. मोजायचं असेल तर काउंटिंग सेमाफोर आहे.

एक सूचना कळकळीनं करतो. म्यूटेक्स भलत्याच टास्कनं सोडला तर कर्नल आरडाओरडा करतं, पण प्रोग्राममध्ये असर्ट (चूक दिसताच प्रोग्राम थांबवणारी तपासणी) सुरू ठेवला असेल तरच. मुलं तो बंद करतात, मेमरी वाचावी म्हणून. शिकताना तरी बंद करू नये.

गोंधळ झाला की मी मुलांना एकच विचारतो: घेणारा आणि देणारा तोच आहे का? तोच असेल तर वही, वेगळा असेल तर हाक. त्या मुलाच्या प्रोग्राममध्ये शेवटी दोन्ही राहिले, तेही एकाच टास्कमध्ये. बटणाची वाट सेमाफोरवर बघायची आणि मग ओळ लिहायला म्यूटेक्स घ्यायचा.

तोवर तापमानाचे आकडे प्रोग्रामच बनवून देत होता. नंतर त्यानं खरा सेन्सर जोडला, डीएस१८बी२०. तो १२५ अंशांपर्यंतच जातो आणि ८५ च्या वर अर्ध्या अंशाची हमी राहत नाही, पण टेबलावरच्या उकळत्या पाण्याला पुरे. त्या दिवशी भोंग्याचा आकडा पुन्हा ८०० च्या जवळ गेला. म्यूटेक्स तसाच होता. सेन्सरला पूर्ण अचूकतेनं मोजायला ७५० मिलिसेकंदांपर्यंत वेळ लागतो, आणि त्यानं ते मोजणं कुलपाच्या आत घातलं होतं. म्हणजे नोंद वही काखेत घेऊन झोपलेलं. झोपलेल्याचा अग्रक्रम कितीही वाढवला तरी तो उठत नाही. मी काही बोलायच्या आत त्यानं मोजणीच्या ओळी कुलपाच्या वर सरकवल्या, बोर्डमध्ये प्रोग्राम पुन्हा भरला आणि टिकांचा आकडा बघत बसला.