विधानवृत्ती

मानणे, इच्छिणे, आशा बाळगणे, शंका घेणे अशा ज्या मनोवस्थांचा आशय एखाद्या विधानाने सांगता येतो, त्यांना तत्त्वज्ञानात विधानवृत्ती म्हणतात. संज्ञा ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्ट्रंड रसेल यांची. मात्र १९१८ च्या व्याख्यानांत ‘वृत्ती’ हा शब्द मानसशास्त्रातला म्हणून त्यांनी टाळला होता. पुढे तोच त्यांनी स्वीकारला.

मनाचा हा संबंध नेमका कशाशी, हा खरा वाद. जर्मन तर्कशास्त्रज्ञ गोट्लोप फ्रेग यांच्या मते (१८९२) आशय सांगणाऱ्या पोटवाक्यातील नाव व्यक्तीचा नव्हे, तर त्या नावाच्या अर्थाचा निर्देश करते. कुसुमाग्रज कवी होते हे शाळकरी मुलाला पाठ असते. शिरवाडकर कवी होते का, असे विचारले तर तोच मुलगा ‘नाही, नाटककार’ म्हणतो. माणूस एकच, पण नाव बदलताच मुलाच्या समजुतीविषयीचे खरे वाक्य खोटे ठरते.

रसेल यांना १९१० च्या सुमारास ‘विधान’ ही स्वतंत्र वस्तूच नकोशी झाली. शेक्सपिअरच्या नाटकात डेस्डिमोनाचे कॅशिओवर प्रेम आहे असे ऑथेल्लो मानतो. तसे प्रेम तर नाहीच, मग त्याच्या मनापुढे असते काय? रसेल यांचे उत्तर : ऑथेल्लो, डेस्डिमोना, प्रेम आणि कॅशिओ या चौघांना एकत्र बांधणारा संबंध. निरर्थक गोष्ट मानता येत नाही, ती का, हे यातून उलगडत नाही, असा आक्षेप त्यांचे शिष्य व्हिट्गेनश्टाइन यांनी १९१३ मध्ये घेतला. तो बिनतोड वाटतो; रसेल यांनीही हाती घेतलेला ग्रंथ अर्धवट सोडला.

इच्छेची चर्चा त्या मानाने तोकडी आहे. आशय तोच, फक्त वृत्ती वेगळी, असे सहसा गृहीत धरतात. मराठीत ‘पाऊस पडेल असे वाटते’ आणि ‘पाऊस पडावा असे वाटते’ या दोन्ही वाक्यांत क्रियापद ‘वाटणे’च, समजूत आणि इच्छा यांतला भेद पोटवाक्यातील ‘पडेल’–‘पडावा’ या रूपांत आहे. त्या गृहीताची इथे फेरतपासणी व्हायला हवी.

न्यायदर्शनात ज्ञान, इच्छा, द्वेष व प्रयत्न हे आत्म्याचे सविषयक, म्हणजे कशाविषयी तरी असणारे, गुण होत. तेथे विधान हा वेगळा पदार्थ नाही. विशेष्यता (ज्याच्याविषयी जाणले ते), प्रकारता (ज्या रूपाने जाणले ते) आणि संसर्गता (त्या दोहोंतला संबंध) या विषयतांनी, म्हणजे विषय असण्याच्या प्रकारांनी, काम भागते. इच्छेला तिचा विषय ज्ञानाकडून मिळतो : जे जाणलेलेच नाही, ते हवेसे वाटत नाही.