समुद्र किती कार्बन पचवेल?

मे महिन्यात भुसावळचा पारा पंचेचाळिशी ओलांडतो, तेव्हा आमच्याकडे ओट्यावर दोन मतं हमखास ऐकू येतात. एक, ‘खान्देशात ऊन काय नवं आहे का?’ दुसरं हल्ली मोबाइलवरून आलेलं : समुद्र एवढा अफाट, सगळा कार्बन तोच पिऊन टाकेल. पहिलं मत बरोबर आहे, फक्त त्याचा पृथ्वी तापण्याच्या मुद्द्याशी संबंध नाही. दुसरं अर्धं खरं आहे आणि खरी गंमत त्या अर्ध्यातच आहे.

उष्णतेचा हिशेब आधी उरकू. हरितगृह वायूंमुळे १९७० नंतर पृथ्वीवर जी जादा उष्णता अडकली, तिच्यातली सुमारे ९० टक्के समुद्रात गेली. कारण शाळेतलंच. किलोमागे पाणी हवेच्या चौपट उष्णता घेतं, शिवाय समुद्रात पाणी आहे किती! त्याचा वरचा साडेतीन मीटरचा थर एक अंशाने तापवायला जेवढी उष्णता लागते, साधारण तेवढ्यात अख्खं वातावरण एक अंशाने तापतं.

आता कार्बन, म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायूतला. दरवर्षी आपण हवेत सोडतो त्यातला साधारण पाव भाग समुद्र घेतो. गोटी सोड्यातही कार्बन डायऑक्साइड विरघळलेलाच असतो, पण गोटी दाबली की फस्सकन निघून जातो. समुद्रातला तसा का जात नाही? कारण तिथे तो बहुतांशी वायू म्हणून राहतच नाही.

पाण्यात शिरला की त्याचं कार्बोनिक आम्ल होतं आणि त्यातून हायड्रोजन आयन, म्हणजे विद्युतभार असलेला कण, सुटतो. समुद्रात आधीपासून असलेलं कार्बोनेट हा आयन पकडतं आणि बायकार्बोनेट बनतं. म्हणजे वायूचा एक रेणू आत आला, एक कार्बोनेट खर्ची पडलं, दोन बायकार्बोनेट तयार झाली. समुद्रात विरघळलेल्या अजैविक कार्बनपैकी सुमारे ९० टक्के बायकार्बोनेट असतं, ९ टक्क्यांच्या आसपास कार्बोनेट आणि वायू जेमतेम १ टक्का. हवेशी देवाणघेवाण चालते ती फक्त या १ टक्क्याची.

हीच क्रिया उलटी पाहायची असेल, तर बोअरच्या पाण्यात वापरलेला हीटर हातात घ्या. कॉइलवर खरवडल्याशिवाय न निघणारा पांढरा थर असतो, त्यात मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. पाणी तापलं, बायकार्बोनेट फुटलं, कार्बन डायऑक्साइड उडाला, कार्बोनेट चिकटून बसलं. पाण्यात मुरलेला हा वायू आपल्या काळ्या पाषाणाला झिजवतो तेव्हा बायकार्बोनेट बनतं, आणि तापी ते सुरतेपर्यंत वाहून समुद्रात नेते.

अडचण कार्बोनेटच्या शिलकीची आहे. रॉजर रेव्हेल आणि हान्स स्यूस या शास्त्रज्ञांनी १९५७ साली याकडे लक्ष वेधलं. हवेतला कार्बन डायऑक्साइड १० टक्के वाढला, तरी समुद्राच्या वरच्या थरातला एकूण कार्बन १ टक्क्याच्या आसपासच वाढतो. या गुणोत्तराला आज रेव्हेल गुणक म्हणतात. कार्बोनेट घटतं तसा तो चढतो, म्हणजे पुढचा घास घेणं समुद्राला अधिक जड जातं. खोल समुद्रात जागा भरपूर आहे, पण वरचं पाणी तिथे पोचून उलटायला शेकडो वर्षं लागतात. त्यात वरचा थर तापून हलका झाला, की खालच्यात मिसळेनासा होतो.

औद्योगिक क्रांतीपासून वरच्या पाण्याचा पीएच (आम्लता मोजणारा आकडा, जितका कमी तितकं आम्ल जास्त) ८.२ वरून ८.१ वर आला. मोजपट्टी लॉगरिदमची, म्हणजे एका अंकाला दहापट फरक अशी, असल्याने एवढ्याशा फरकात हायड्रोजन आयन २५ ते ३० टक्क्यांनी वाढले. समुद्र अजून अल्कधर्मीच आहे, ‘आम्लाचा समुद्र’ हा मथळेवाल्यांचा उद्योग. आणि पीएच निघालाच आहे म्हणून : अल्कलाइन पाण्याची यंत्रं हजारो रुपयांना विकणाऱ्यांना दारातूनच परत पाठवा. ते पाणी पोटातल्या आम्लात पडताच त्याची अल्कता संपते. रक्ताचा पीएच फुप्फुसं आणि मूत्रपिंडं सांभाळतात, तेही याच बायकार्बोनेटच्या जोरावर, फुकट.

राहिला तापीचा अरबी समुद्र. वर्षाच्या हिशेबात तो कार्बन घेण्यापेक्षा हवेत सोडतो जास्त. आपल्याला पाऊस देणारे नैर्ऋत्य वारे सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्यालगतचं वरचं पाणी दूर लोटतात. त्या जागी खालचं, कार्बनने भरलेलं गार पाणी वर येतं, तापतं आणि वायू सोडतं. हे मोसमी वाऱ्यांइतकंच जुनं आहे, त्यात माणसाचा दोष नाही. माणसाने सोडलेला कार्बन गिळण्याचं सर्वांत मोठं काम चालतं ते अंटार्क्टिकाभोवतीच्या गार दक्षिण महासागरात.